अंबाडीच्या दोरीची बाज: चार वर्षं वापरल्यावर

पाडव्याच्या मुहूर्तावर लोक सोनं घेतात, मोटरसायकल घेतात. मी बाज घेतली. २ एप्रिल २०२२, शनिवार. खरं तर बाज मला त्याच्या सोळा दिवस आधीच मिळायची होती. सुतारानं आठ दिवसांचा वायदा केला आणि चोवीस लावले. तेव्हा मुहूर्ताचं श्रेय माझं नाही, त्याच्या आळसाचं आहे. आता चार वर्षं होत आली. एवढ्यात तिघा-चौघांनी विचारलं, केवढ्याला पडली, टिकते का, घ्यावी का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं अर्धं समजायचं नाही. मी निवृत्त वायरमन. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात तीस वर्षं खांबावर चढलो, २०२१ मध्ये उतरलो. आता पाच एकर शेती आहे, कपाशी, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर जमेल तेवढा हरभरा. उन्हाळाभर अंगणात झोपतो. कूलरच्या घरघरीत मला झोप लागत नाही. ती मोटर कधी जळेल याच्याकडेच कान लागलेला असतो.

तर बाज. लांबी साडेसहा फूट, रुंदी तीन, उंची दीड. खुरं बाभळीची, गाती सागाची. (खूर म्हणजे बाजेचा पाय, गातं म्हणजे बाजेच्या लांब बाजूचं लाकूड. नागपूर-पुण्याकडे गेलेल्या पोरांसाठी सांगून ठेवतो.) दोरी अंबाडीची, हाच माझा हट्ट होता. पूर्वी आमच्याकडे कपाशीच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, अंबाडीची एक ओळ असायचीच. कोवळी असताना भाजी खायची, बोंडांची चटणी करायची, मग ताटं पाण्यात कुजवून वाख काढायचा. आता अंबाडी भाजीपुरती उरली. वाख काढणारे हात गेले. दोरी शोधायला मला तीन आठवडी बाजार फिरावे लागले. शेवटी हिंगणघाटकडच्या एका म्हाताऱ्याकडे सापडली आणि विणूनही त्यानंच दिली. लाकूडकामाचे १९००, दोरीचे ६५०, विणाईचे ४५०, असे ३००० रुपये झाले. आणायला ऑटोवाल्यानं १५० घेतले, आणि बाज टपावर बांधताना एक खूर चौकटीवर असं आपटलं की त्याची चीर अजून दिसते.

दोष पहिल्याच दिवशी सापडला. एक खूर बोटभर आखूड. चारही खुरं एकाच वेळी जमिनीला टेकत नव्हती. सुताराला सांगितलं तर तो म्हणे, "तुमचं अंगण वाकडं आहे जी." पाण्याच्या पातळीची नळी लावून दाखवली तेव्हा गप्प बसला. अजून त्या खुराखाली नातवाच्या पाटीचा तुकडा आहे. म्हणून घेणाऱ्यांना सांगतो, पैसे द्यायच्या आधी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरा, मग दुसरे दोन कोपरे धरा. दोन्ही मापं सारखी भरली तर चौकट काटकोनात आहे. खुरांसाठी मात्र सपाट फरशी शोधा, सुताराच्या अंगणावर विश्वास ठेवू नका.

आता पहिली रात्र. हा भाग लांबेल, पण बाजेचा खरा उपयोग मला त्याच रात्री कळायला सुरुवात झाली.

पुरणपोळ्या दाबून झाल्या होत्या, गुढी उतरवली होती. दिवसभर ऊन असं होतं की टाकीतलं पाणी अंगावर घेववत नव्हतं. पावणेआठच्या सुमारास बाज कडुनिंब आणि टाकीच्या मधल्या जागेत टाकली, ऑटोतून उतरवली तशीच, आडवीतिडवी. वर नुसती सतरंजी. पाठ टेकली. नव्या दोरीचा करकर आवाज आणि वाखाचा वास. आणि वर पाहतो तर आभाळातून दिव्यांची माळ चाललेली.

माळच म्हणतो. पुढे एक मोठा पिवळा-नारिंगी गोळा, मागे लहान लहान, प्रत्येकाला आपापली शेपटी. पहिला विचार आला तो तीस वर्षांच्या सवयीचा: अकरा हजाराच्या लाईनवर काही पडलं आणि जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, जळाला. जंपर जळाला की ठिणग्या अशाच निघतात. पण ठिणग्या खाली पडतात. हे पडत नव्हतं, चाललं होतं. घाई नव्हती त्याला. तेवढ्या वेळात मी उठून बसलो, बायकोला हाक मारली, ती हातातलं भांडं ठेवून बाहेर आली, तिनंही पाहिलं, तरी ते चाललंच होतं. शेवटी टाकीच्या आड गेलं.

दोन मिनिटांत फोन सुरू. निवृत्त झालो हे गावानं अजून मान्य केलेलं नाही.

"भाऊ, डीपी उडाली का?"

"भाऊ, लाईन बंद करा ना, वरून तार तुटून पडून राहिली!"

"आभायातून आग पडली जी, कपाशीच्या गंजीवर पडली तं?"

एकानं तर विमान पेटलं म्हणून पोलीस पाटलाला उठवलं. आमच्या घरचा निकाल सर्वांत आधी लागला. बायको म्हणाली, "उत्तरेकडे डोकं करून कोणी झोपते का? उठा आधी, फिरवा ते बाज." मी खरंच उत्तरेला डोकं करून पडलो होतो. आभाळ फाटायला तेवढं कारण तिला पुरलं.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला, साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आकाशातून येऊन पडलं होतं. त्याच तालुक्यात दोरा गुंडाळल्यासारखा दिसणारा एक गोळाही सापडला. असे गोळे अग्निबाणात दाबाखालचा वायू साठवायला वापरतात. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञानं सांगितलं की हा चीनच्या चांग झेंग ३बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेला, वर्षभर पृथ्वीभोवती फिरून खाली आलेला. इस्रोची माणसंही येऊन ते तुकडे पाहून गेली. कोणाला इजा झाली नाही. कड्याच्या जागी एखादं घर असतं तर काय झालं असतं, हा विचार मात्र मी पुष्कळ दिवस केला. एवढं मोठं कडं खांबावर चढवायचं तर आम्हाला चार माणसं आणि दोर लागला असता.

म्हणजे सगळं गाव ज्याला उल्का म्हणत होतं ती उल्का नव्हतीच. हे मला पुतण्यानं समजावलं. तो नागपूरला असतो आणि त्याला या गोष्टींचा नाद आहे. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो आणि ती तिरपी, जवळजवळ आडवीच हवेत शिरते. म्हणून ती सावकाश चाललेली दिसते, तुटत तुटत, मिनिटभरसुद्धा. उल्का बाहेरून येते. तिचा वेग सेकंदाला ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंत असतो, आणि बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत सगळं संपतं. बायकोला हाक मारायला वेळ मिळाला तर ती उल्का नाही, असा हिशेब मी त्यातून काढला.

मग त्यानं विचारलं, "काका, कुठून कुठे गेलं ते?"

म्हटलं, "कडुनिंबाकडून टाकीकडे."

"दिशा सांगा ना. आणि किती वर होतं?"

"पुष्कळ वर होतं."

तो हसला. मला राग आला, पण त्याच्यावर नाही. तीस वर्षं लाईनचा फॉल्ट शोधलेला माणूस मी. कोणी फोनवर "तिकडं काहीतरी जळलं" म्हटलं की मी चिडायचो, खांब नंबर सांग म्हणायचो. आणि मीच आता "कडुनिंबाकडून" म्हणून राहिलो.

यावर इलाज बाजेतच होता. बायकोच्या हुकुमानं बाज आता कायम डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, अशी असते. उत्तरेला डोकं करू नये हे शास्त्र असो नसो, आभाळ पाहणाऱ्याला ते फार सोयीचं आहे. पायाकडे ध्रुव तारा येतो. आपल्या भागात तो क्षितिजापासून वीसेक अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ सुमारे दहा अंश भरते, म्हणून दोन मुठी मोजल्या की ध्रुव. उन्हाळ्यात सप्तर्षींवरून सापडतो. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून काढायचा. पायथ्याचा मध्य ध्रुवाच्या रेषेत आला की बाज लागली. मग उजवं गातं पूर्वेला, डावं पश्चिमेला.

पुढचं काम मी करवतीनं केलं. निजलेल्या माणसाचे डोळे ज्या जागी येतात, त्याच्या सरळ उजवीकडे गात्यावर एक खाच पाडली, ती पूर्व. बाज तीन फूट रुंद, म्हणजे मधोमध निजलं की गातं दीड फुटावर. तर त्या खाचेपासून पायाकडे दीड फुटावर दुसरी खाच, ती बरोबर ईशान्य. डावीकडे तशाच दोन, पश्चिम आणि वायव्य. सागाच्या नव्या गात्यावर करवत पाहून बायको दोन दिवस बोलली नाही. पण त्यानंतर आभाळात जे काही झालं ते मी खाच आणि मूठ या दोन मापांत सांगू शकतो.

याच काळात पुतण्यानं ऑनलाईन दुर्बीण मागवली, साडेचार हजारांची. तिचंही सांगतो, कारण बरेच लोक बाज की दुर्बीण असा घोळ घालतात. खोक्यावर लिहिलं होतं की वस्तू कितीतरी शे पट मोठी दिसते. तिपाई अशी की डोळा लावला तरी डुगडुगते. चंद्र मात्र छान दिसला, त्याचे खड्डे पाहून नातू अर्धा तास हलला नाही. पण उल्केसाठी दुर्बीण कुचकामी. आभाळाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा तिच्यात दिसतो, आणि उल्का काही सांगून त्या तुकड्यात येत नाही. तिला सगळं आभाळ मोकळं हवं, आणि मान न दुखता तासभर वर पाहणं हवं. प्लास्टिकच्या खुर्चीवर मान मागे टाकून पाहा, दहा मिनिटांत कळेल. बाजेवर मी तीन तास काढले आहेत.

आता दुसरी संध्याकाळ. १४ डिसेंबर २०२३, मार्गशीर्ष. हरभरा घाट्यावर यायचा होता आणि रानडुकरांनी शेजाऱ्याचा अर्धा पट्टा एका रात्रीत नांगरला होता. म्हणून जागलीला गेलो. बैलगाडीत बाज टाकून शेतात नेली. धुऱ्यावर बसवली, शर्मिष्ठा शोधून ध्रुवाला लावली, वर गोधडी, त्यावर घोंगडं. सोबतीला बाजूच्या शेतातला एक जण होता. तो शेकोटीजवळ मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला.

त्या दिवसांत मिथुन राशीकडून उल्का येतात. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या आसपास त्यांचा जोर असतो. त्यांचं मूळ फेथॉन नावाचा एक लघुग्रह आहे, हे मी नंतर वाचलं. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, याचा मामला वेगळा. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, चंद्र लवकरच मावळला. गुरू जवळजवळ डोक्यावर होता. नऊपर्यंत सात-आठ लहान रेघा मोजल्या. संध्याकाळी मिथुन रास पूर्वेला खालीच असते, म्हणून उल्का कमी दिसतात, पण ज्या दिसतात त्या हवेत तिरप्या शिरल्यामुळे लांबलचक जातात. मध्यरात्रीनंतर संख्या वाढते. मध्यरात्रीनंतर मी झोपतो.

नऊला पाच-सात मिनिटं कमी असतील. पूर्व आणि ईशान्य या दोन खाचांच्या मधून, चार मुठी वर, एक ठिणगी निघाली. निघाली तेव्हा साधीच. गुरूजवळ येईपर्यंत ती ठिणगी राहिली नाही. हिरवा-पांढरा गोळा झाला आणि तुरीची सावली पडली. माझ्या हाताचीही सावली गोधडीवर पडली आणि सरकली. मी उलटी मूठ तोंडावर धरून राहिलो, कशासाठी ते सांगता येत नाही. डोक्यावरून गेला, पश्चिमेच्या खाचेच्या जरा मागे, पाच मुठींवर येऊन दोन तुकडे झाले, आणि विझला. मागे राखाडी रेघ दोन-तीन श्वास राहिली. सगळं मिळून चार सेकंद.

हिरवा रंग मी ओळखतो. तांब्याची तार स्पार्क झाली की ज्वाळ हिरवी होते, ॲल्युमिनियमची झाली की नुसती पांढरी, डोळे दिपवणारी. आगीच्या रंगावरून कोणती तार जळली ते आम्ही खालूनच सांगायचो. उल्केत मात्र तांब्याचं काम नाही, तिथे हिरवा रंग मॅग्नेशियम आणि निकेलचा. पिवळा सोडियमचा. हवेतला ऑक्सिजनही वेगानं तापला की आपला रंग दाखवतो. मूळ गोष्ट तीच: जळणारा धातू आपली ओळख रंगानं देतो. याचा इतका आनंद मला झाला की मोठ्यानं म्हणालो, "फॉल्ट सापडला!"

शेकोटीवाल्यानं मोबाईलमधून डोकं काढलं. "काय झालं जी?"

"तारा तुटला."

"कुठं?"

त्याच्या तोंडावर त्याच मोबाईलचा उजेड होता, म्हणून त्याला सावली दिसली नाही. ही तक्रार तो अजून करतो, आणि दरवेळी माझ्याचकडे करतो.

नंतर मी मोजत बसलो. वीज चमकली की गडगडाटापर्यंत मोजायची सवय आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. गोळा ८० किलोमीटर उंचीवर असेल तर आवाज यायला चार मिनिटं लागतील. पाच मिनिटं थांबलो. शेकोटी, टिटवी, दूरच्या मोटारपंपाची घुरघुर. बाकी काही नाही. मिथुनेकडच्या उल्का बहुधा वरच जळून जातात, धमाका ऐकू येण्याइतकं खाली काही उरत नाही. आणि वेग म्हणाल तर सेकंदाला ३५ किलोमीटर. वर्धा ते नागपूर अंतर त्या हिशेबानं दोन सेकंदांचं. एसटीला किती लागतात ते सर्वांना ठाऊक आहे.

याला इंग्रजीत फायरबॉल म्हणतात, आपण अग्निगोल म्हणू. शुक्राहून तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल, अशी सर्वसाधारण व्याख्या आहे. त्या रात्री शुक्र पहाटेचा होता, तुलनेला नव्हता, पण गुरू शेजारीच होता आणि तो या गोळ्यापुढे दिसेनासा झाला. सावली पडली हा माझा पुरावा.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं फोनवर मला विचारून आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरला. कुठे होता, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या दिशेला सुरू झाला, किती उंचीवर, कोणत्या दिशेला संपला, रंग कोणता, तुकडे झाले का, मागे रेघ राहिली का, आवाज आला का. २०२२ ला यातल्या एकाही प्रश्नाला मला धड उत्तर देता आलं नसतं. या वेळी खाच आणि मूठ सांगत गेलो आणि तो अंश लिहीत गेला. एका माणसाच्या सांगण्यावरून उल्केचा मार्ग निघत नाही. शंभर किलोमीटरवर दुसऱ्या कोणी तोच गोळा पाहिला असेल, दिशेसकट सांगितला असेल, तर दोन रेषा जिथे मिळतात तिथून उंची निघते. आम्हीही दोन खांबांवरून मोजून तुटलेल्या तारेचं अंतर काढायचो. तसंच.

कोणी दगड घेऊन माझ्याकडे येऊ नये म्हणून हेही लिहितो. त्या अग्निगोलाचा गवगवा झाल्यावर चार जण काळे दगड घेऊन आले. चुंबक चिकटतं म्हणाले. आपल्या काळ्या बसाल्टलाही थोडं चिकटतं, त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. खरा उल्कापाषाण आपल्याच भागात पडलेला आहे, काटोलला, २२ मे २०१२ रोजी दुपारी. मी तेव्हा नोकरीत होतो. काटोलकडच्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की धमाका ऐकून लोकांना आधी ट्रान्सफॉर्मर फुटल्यासारखंच वाटलं. तिथे बरेच तुकडे सापडले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं ते गोळा केले. त्या दगडांना बाहेरून जळालेलं पातळ काळं कवच, आत राखाडी. पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्यात ब्रिजमनाइट सापडलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त आहे, पण इतकं खोल की हाती लागत नाही. ते काटोलच्या संत्र्यांच्या गावात वरून पडलं. असा दगड मिळाला तर धुऊ नका, फोडू नका, जागा लिहून ठेवा आणि तहसीलला कळवा. बाकी दगड धुऱ्यावर ठेवा.

आणखी एक सूचना बाजेशी थेट संबंध असलेली. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर मोठा उल्कापिंड फुटला. आधी झगमगाट झाला, लोक काय ते पाहायला खिडक्यांशी गेले, आणि मागून आलेल्या धक्क्यानं काचा फुटून शेकडो जखमी झाले. बाजेला खिडकी नाही, हा तिचा मोठा गुण.

आता पुन्हा वस्तूकडे. पावसाळ्यात ही बाज त्रास देते. अंबाडीची दोरी भिजली की आक्रसते, ताणानं चौकट कण्हायला लागते, आणि वाळली की सैल पडून झोळणा होतो. पायथ्याकडची ताणाची दोरी दर महिन्याला ओढून बांधावी लागते. दुसऱ्या पावसाळ्यात कुबट वास आला. तिसऱ्या वर्षी उंदरानं एक कोपरा कुरतडला. ढेकूण एकदाच झाले. चैतातल्या उन्हात दोन दिवस उभी करून खुरांच्या सांध्यात उकळतं पाणी ओतलं, गेले. वजन एवढं की एकट्यानं उचलू नये. उघड्या अंगानं झोपलात तर सकाळी पाठीवर विणीचा नकाशा असतो. याला मी दोष मानत नाही, बायको मानते.

नायलॉनच्या पट्टीची बाज हजार रुपयांनी स्वस्त पडते आणि पावसात बिघडत नाही. पण ती उन्हात तापते आणि रात्री दहापर्यंत तापलेलीच राहते. घडीची लोखंडी पाइपवाली खाट तालुक्याच्या एका दुकानातून १४०० ला घेतली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात मधला पाइप वाकला, दुकानदार म्हणाला वजन जास्त आहे. माझं वजन ६२ किलो.

बाजेसोबत अंधारही लागतो, आणि तो आता विकत घ्यायला लागेल अशी वेळ आली आहे. आमच्या घरासमोरच्या खांबावर पांढरा एलईडी बसला तेव्हा अंगणातून लहान तारे गेले. आयुष्यभर गावाला उजेड पुरवला आणि आता उजेडाविरुद्ध अर्ज देतो आहे, असं ग्रामपंचायतीत हसून झालं. दिवा काढा असं मी म्हणत नाही. दिव्याला वरून झाकण हवं, उजेड रस्त्यावर पडला पाहिजे, माझ्या डोळ्यात नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला. तिथे वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली उजेड टाकणारे लावले. नागपूर जिल्ह्यातली गावं करू शकतात तर वर्धेच्या का नाही? आमच्या खांबावर सध्या तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून लावला आहे. मी चढलो नाही, माझा हक्क संपला. ज्याचा आहे त्याच्याकडून लावून घेतला, चहा पाजून.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. अर्धा गुण आखूड खुराचा गेला, अर्धा सुताराच्या वायद्याचा. वाघाचा वावर असलेल्या पट्ट्यात राहत असाल तर ही बाज शेतात नेऊ नका, गच्चीवर टाका. पाठीच्या मणक्याचा त्रास असेल तर आधी कोणाच्या तरी बाजेवर एक रात्र काढून पाहा.

या महिन्यात ती पुन्हा विणायला दिली. तोच म्हातारा आला, अंगणात बसून जुनी दोरी उकलली. गात्यावरच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "इथंही उंदरानं कुरतडलं का जी?" म्हटलं, नाही, ही पूर्व आहे, ही ईशान्य. त्यानं गात्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विणाईचे शंभर रुपये जास्त लावले. खाचेत दोरी अडकते म्हणून.